पायथनमध्ये मराठी मजकूर : वाचकांचे प्रश्न

२००८ साली आलेल्या पायथन ३ पासून या संगणकभाषेतील प्रत्येक मजकूर युनिकोडमध्ये (जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात) ठेवला जातो आणि त्यामुळे मराठीत काम करणाऱ्यांची वाट बरीच सोपी झाली. तरीही या वाटेवर काही खाचखळगे उरले आहेत. ते दाखवणारी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे गावांच्या नावांच्या टेक्स्ट फाइल आहेत. विंडोजवर पायथनने त्या वाचल्या की ‘सातारा’, ‘नाशिक’ यांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. ‘पुणे’ किंवा ‘कोल्हापूर’ असलेली फाइल उघडताना तर ‘युनिकोडडीकोडएरर’ येऊन प्रोग्रॅम थांबतो. मैत्रिणीच्या लिनक्सवर मात्र हाच प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो. फाइल बिघडली आहे का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : आपल्या फाइल शाबूत आहेत. त्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या आहेत आणि या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ला एन्कोडिंग, म्हणजे चिन्हे बाइटमध्ये मांडण्याची पद्धत, सांगितले नाही, तर पायथन ते यंत्रणेला विचारते. लिनक्सवर उत्तर बहुधा यूटीएफ-८ असे मिळते, तर इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर सीपी १२५२ हा जुना, युरोपीय भाषांसाठी केलेला तक्ता मिळतो, ज्यात एका बाइटला एकच चिन्ह असते. म्हणून ‘सातारा’तील प्रत्येक चिन्हाची तीन-तीन परकी चिन्हे होतात. या तक्त्यात काही जागा रिकाम्या आहेत. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ आणि हलन्ताचा ८डी (हे आणि पुढचे चिन्हांचे क्रमांक सोळाच्या पद्धतीतले आहेत, त्यात ९ नंतर ए ते एफ येतात) हे नेमके अशा रिकाम्या जागांवर येतात, त्यामुळे ‘पुणे’तील उकाराशी किंवा ‘कोल्हापूर’मधील जोडाक्षराशी आले की वाचन थांबते. असे थांबणे त्यातल्या त्यात बरे, कारण ‘सातारा’सारखा मजकूर कसलाही इशारा न देता बिघडतो आणि तसाच पुढे साठवला जातो.

फाइल वाचताना आणि लिहिताना दोन्ही वेळा ‘एन्कोडिंग’ या नावाने ‘यूटीएफ-८’ असे स्पष्ट लिहावे. तयार झालेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल एक्सेलमध्ये उघडायची असेल, तर लिहिताना ‘यूटीएफ-८-सिग’ द्यावे. त्याने फाइलच्या आरंभी तीन बाइटची खूण बसते आणि एक्सेल मजकूर बरोबर ओळखते. पायथनच्या ३.१५ या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हाच मूळ पर्याय ठेवण्याचे ठरले आहे, पण आपला प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीवरही चालवला जाईल हे धरून एन्कोडिंग लिहिण्याची सवय सोडू नये.

प्रश्न : ग्रंथालयाच्या यादीत ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधला की काही नोंदी सापडतात, काही सापडत नाहीत. पडद्यावर दोन्हींतील शब्द अगदी सारखा दिसतो, पण ‘लेन’ने मोजल्यावर एकाची लांबी ११ येते, दुसऱ्याची १२. (एक ग्रंथपाल)

उत्तर : लांबी मोजून पाहिलीत, हे फार चांगले केलेत. ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. पहिल्या रीतीत ‘ऱ’ (क्रमांक ०९३१) आणि हलन्त असतो. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि २००डी क्रमांकाचे न दिसणारे जोडचिन्ह असते, युनिकोडच्या २.० आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ही रीत चालू ठेवली आहे. नोंदी वेगवेगळ्या कळफलकांवरून झाल्या असतील, तर एकाच यादीत ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शेतकर्‍यांना’ अशी दोन्ही रूपे सहज येतात, आणि पायथनच्या लेखी ते दोन निराळे शब्द ठरतात.

एकाच चिन्हाची निरनिराळी रूपे एकसारखी करणारे ‘युनिकोडडेटा’मधील ‘नॉर्मलाइझ’ येथे अपुरे पडते. ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) असे सुटे लिहिलेले रूप त्याच्या एनएफसी या, सुटी चिन्हे जोडणाऱ्या पद्धतीने ‘ऱ’ होते, पण जोडचिन्हाच्या रूपाला ते हात लावत नाही. पुष्कळजण मग सगळीच न दिसणारी चिन्हे पुसून टाकण्याचा सल्ला देतात. तो कृपया मानू नये, कारण जोडचिन्ह गेले की ‘र’चा रफार होतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊन बसतो. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्या वाचकाच्या हाती समुद्रावरची पुस्तके द्यायची नसतील, तर ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ हा तीन चिन्हांचा क्रम जसाच्या तसा शोधून त्या जागी ‘रिप्लेस’ने ‘ऱ, हलन्त’ ठेवावे. हा बदल नोंदी साठवताना करावा आणि वाचकाने शोधासाठी टंकलेल्या शब्दावरही करावा. एकाच बाजूला केला तर निम्मे शोध पुन्हा वाया जातील.

प्रश्न : हजेरीपट ‘सॉर्टेड’ने लावला तर ‘काळे’ हे आडनाव ‘काशीद’च्या आधी येते आणि ‘क्षीरसागर’ ‘ख’च्याही आधी. शाळेत शिकवतो तो क्रम कसा मिळवावा? (एक शिक्षक)

उत्तर : पायथन चिन्हांचे युनिकोड क्रमांक पाहून क्रम लावते, आणि तेथे ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ आहे. वर्णमालेत त्याची जागा ‘ह’च्या नंतर आहे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक नाही, ती ‘क’ आणि ‘ज’ यांनी सुरू होणारी जोडाक्षरे ठरतात, वर्णमालेत मात्र ती ‘ळ’च्या पुढे येतात. ‘सॉर्टेड’ला ‘की’ (तुलनेचा आधार) म्हणून एक लहान फंक्शन द्यावे, ज्यात ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘ळ’ यांच्या जागी केवळ तुलनेपुरती दुसरी चिन्हे ठेवलेली असतील. ‘ह’चा क्रमांक ०९३९ आहे आणि काना ०९३ई वर सुरू होतो, म्हणून ‘ळ’ला ०९३ए, ‘क्ष’ला ०९३बी आणि ‘ज्ञ’ला ०९३डी द्यावे. यातील पहिली दोन चिन्हे काश्मिरीसाठी आहेत आणि तिसरे अवग्रह (ऽ) आहे. आडनावांत ती येत नाहीत. याहून मोठा क्रमांक निवडल्यास ‘कळसकर’ हे ‘कांबळे’ आणि ‘काळे’ यांच्याही खाली जाईल, कारण मात्रांचे क्रमांक व्यंजनांच्या पुढे आहेत. मूळ नावे या फंक्शनमुळे बदलत नाहीत, त्यामुळे हजेरीपटावर ती होती तशीच छापली जातील.