गरोदरपणातल्या मधुमेहाच्या निकषांची तुलना करताना आधी हे बघ

आकडे बघून घाबरू नकोस. सुरुवातीला दोनच निकष शेजारी शेजारी मांड, बाकीचे नंतर. आकडे रक्तातल्या साखरेचे आहेत, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये.

- जागतिक आरोग्य संघटना, २०१३: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून तपासणी. उपाशीपोटी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३. एकही आकडा गाठला की निदान.
- कारपेंटर-कूस्टन (दोन संशोधकांच्या नावाचा निकष): १०० ग्रॅम. ९५, १८०, १५५, तीन तासांनी १४०. दोन आकडे लागतात.

खरी मेख या ‘एक की दोन’मध्ये आहे, आणि नवखे नेमकं तेच विसरतात. उपाशीपोटी ९३ आणि बाकी सगळं नॉर्मल असलेली गर्भवती पहिल्या निकषात बसते, दुसऱ्यात नाही. म्हणून वेगवेगळे निकष वापरणाऱ्या दोन अभ्यासांतली निदान झालेल्यांची टक्केवारी थेट ताडून बघू नकोस.

एककही तपास: ५.१ मिलिमोल प्रति लिटर म्हणजेच ९२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. शिवाय रक्ताची नळी तासभर तशीच पडून राहिली, तर पेशी साखर खातात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.