वेबसाइटसाठी ३०० फोटो एकदम हलके कसे करायचे?

एक्सएनकन्व्हर्ट या एकदम अनेक फोटो बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये सगळं फोल्डर ओढून टाका, लांब बाजू १६०० पिक्सेल करा आणि क्वालिटी ८० ठेवून वेबपी या फोटो फॉरमॅटमध्ये वेगळ्या फोल्डरात काढा. (घरगुती वापराला मोफत आहे, कंपनीसाठी परवाना लागतो.)

खरा फरक पडतो तो आकार कमी केल्याने. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो. ८०० पिक्सेलच्या रकान्यात तो तसाच टाकला तर वाचकाला उगाच पंचवीसपट पिक्सेल उतरवावे लागतात. १६०० अशासाठी, की दुप्पट घनतेच्या स्क्रीनवरही फोटो धूसर दिसू नये. वेबपीमुळे वर आणखी बचत होते: गूगलच्या मोजणीनुसार त्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा फाइल २५ ते ३४ टक्के लहान.

नेहमी अडतं ते इथे:
- मेटाडेटा (फोटोसोबत साठवलेली माहिती) पुसण्याआधी एक्झिफनुसार (त्यातली कॅमेऱ्याची नोंद, हिच्यात फोटोची दिशाही असते) फोटो फिरवून घ्या, नाहीतर उभे फोटो आडवे होतात.
- आधीच लहान असलेले फोटो मोठे करू नका, फक्त फाइल फुगते.
- मूळ फाइली जपा. दाबलेली जेपेग पुन्हा दाबली की डाग वाढतात.

लोगो आणि अक्षरं असलेले स्क्रीनशॉट मात्र यातून वगळा. त्यांना लॉसलेस (दर्जा न घटवणारी) वेबपी किंवा पीएनजीच, कारण ८० क्वालिटीवर अक्षरांच्या कडा फिसकटतात.