भारतात टाइप २ शुगर नेमकी किती लोकांना आहे? आमच्या कोल्हापुरात तर घरटी एक पेशंट दिसतोय

वीस वर्षांवरच्या दर 100 माणसांत साधारण 11 जणांना, म्हणजे देशात 10 कोटींच्या आसपास. हा आकडा आयसीएमआर (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) च्या इंडियाब नावाच्या देशभरच्या सर्व्हेचा, 2023 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या डायबेटीसवाल्या जर्नलमधे आला, 1 लाख 13 हजार लोकांचं रक्त तपासून काढलेला आहे, नुसतं विचारून नाही. शहरात 16.4 टक्के, खेड्यात 8.9, गोव्यात तर 26.4 आणि यूपीत फक्त 4.8, त्यामुळे तुम्हाला कोल्हापूर शहरातल्या राजारामपुरीत जे दिसतं ते राधानगरीकडच्या एखाद्या वाडीत तसंच दिसेल असं नाही. फक्त एक लक्षात घ्या, या आकड्यात टाइप १ (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही तो प्रकार) वेगळा काढलेला नाही, पण 90 टक्क्यांहून जास्त पेशंट टाइप २ चेच असतात म्हणून फार फरक पडत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या आकड्याची, आणखी 15.3 टक्के लोक बॉर्डरवर आहेत, म्हणजे उपाशीपोटी शुगर 110 ते 125 च्या मधे, किंवा ग्लुकोज पिऊन दोन तासांनीची शुगर नॉर्मलपेक्षा जास्त पण डायबेटीसएवढी नाही. यांना काहीच त्रास होत नाही, त्यामुळे मी लॅबमधे बघतो की लोक येतात ते पायाची जखम महिनाभर भरेना झाली की मगच, आणि तोवर रिपोर्टवर उपाशीपोटीच 250 आलेली असते. तिशी ओलांडली असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात, घरातल्या सगळ्यांना घेऊन जावा.