डेटोना ५०० ला जायचं का? आधी सोमवारचा हिशेब

प्रश्न : आम्ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहतो. नवरा एच-वन-बी व्हिसावर, मी सध्या घरी. महिन्याला हातात ६,१०० डॉलर येतात, ५,४०० जातात. क्रेडिट कार्डावर ४,२०० थकलेत, व्याज २४.९९ टक्के. बचत खात्यात ६,५०० आहेत. सात वर्षांच्या मुलाच्या वर्गात सगळी पोरं नॅसकारच्या मोटारशर्यतींची वेडी, त्यामुळे येत्या फेब्रुवारीत फ्लोरिडातली डेटोना ५०० ही ५०० मैलांची शर्यत बघायचीच असं बापलेकांनी ठरवून टाकलंय. माझा हिशेब : तीन तिकिटं ७३५, हॉटेल तीन रात्री ८६७, गाडीचा गॅस (पेट्रोल) ११०, खाणंपिणं २००, म्हणजे १,९१२. हे कार्डावर टाकू की बचतीतून काढू? मे महिन्यात घराजवळ कोका-कोला ६०० ही नॅसकारचीच शर्यत असते. तिथे मोठ्यांचं तिकीट ८५ आणि मुलाचं १० डॉलर दिसतंय. पण नवरा म्हणतो, पहिली शर्यत बघायची तर डेटोनाच.

उत्तर : पैसे कार्डावरचे की बचतीतले, हे ठरवण्याआधी रक्कम नीट करू. १,९१२ डॉलरमध्ये तिघांचं डेटोना होत नाही.

तुम्ही पाठवलेल्या तिकिटाच्या पानावर तळाशी प्रत्येकी २५ डॉलर फी आहे. हॉटेलच्या पानावर १०८ डॉलर कर आहे. ते दोन्ही धरले की २,०९५ होतात. आवाजापासून कान वाचवणारी साधनं आणि स्कॅनरचं (ड्रायव्हरचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणाऱ्या यंत्राचं) भाडं यांना ११० ठेवा. टोपी, टी-शर्ट आणि आवडत्या ड्रायव्हरची छोटी गाडी यांना १५० ठेवा. सात वर्षांच्या मुलाला त्या दुकानांवरून रिकाम्या हाताने पुढे नेता येईल असं वाटत असेल तर हे १५० खुशाल खोडा. आकडा झाला २,३५५, आणि अजून पाऊस पडलेला नाही.

डेटोनासारख्या मोठ्या ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, पावसात शर्यत होत नाही. डेटोनाची वळणं ३१ अंशांनी कललेली आहेत आणि गाड्यांचे टायर खाचा नसलेले, गुळगुळीत असतात. ओल्या उतारावर त्या वेगात ते धरत नाहीत. पाऊस थांबला तरी अडीच मैलांचा ट्रॅक कोरडा करण्यात तास जातात. २०१२, २०२० आणि २०२४ ची डेटोना ५०० सोमवारवर गेली. २०१२ ची तर सोमवारी रात्री सुरू होऊन मध्यरात्र उलटल्यावर संपली. २०१४ आणि २०२१ मध्ये शर्यत रविवारीच झाली, पण मध्ये सहा तासांच्या आसपास खोळंबा होता. २०१२ ते २०२५ या चौदा शर्यतींत तीनदा सोमवार, म्हणजे साधारण पाचांत एकदा. एवढी शक्यता असलेला खर्च अचानक आला असं म्हणता येत नाही, तो बजेटमध्येच लागतो. चौथी रात्र करासह ३२५ आणि एका दिवसाचं खाणं ७०. एकूण २,७५०. शिवाय नवऱ्याची मंगळवारची रजा. तो सोमवार प्रेसिडेंट्स डेच्या सरकारी सुट्टीचा असेल तर त्या दिवशीची शाळा बुडत नाही, पण ऑफिसला सुट्टी आहे का ते आत्ताच बघा.

शर्यत संपल्यावर रविवारी रात्रीच घरी निघण्याचा विचार असेल तर तो सोडा. दुपारी अडीचच्या सुमारास सुरू झालेली शर्यत अंधार पडायच्या वेळी संपते, पार्किंगमधून बाहेर पडायला आणखी तास-दोन तास जातात आणि पुढे शार्लटपर्यंत ४८० मैल उरतात. हॉटेलवाल्यांना हे पाठ असतं. म्हणूनच त्या आठवड्यात कमीत कमी तीन रात्रींची अट आणि पैसे परत न मिळण्याची अट अशी जोडी सर्रास दिसते.

आता कार्ड. त्यावर थकबाकी असताना नवी खरेदी केली की बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. पुढच्या बिलाला तेवढे तिकिटाचे भरून टाकू, हे गणित म्हणूनच चालत नाही. आजच्या ४,२०० वर महिन्याला सुमारे ८७ डॉलर नुसतं व्याज जातंय. सहलीचे २,७५० त्यात टाकून त्या भागासाठी महिना १५० भरत राहिलात, तर फिटायला २४ महिने लागतील आणि व्याज ७५० च्या आसपास जाईल. एकवीसएकशेचं तिकीट-हॉटेल उधारीवर घ्यायचं आणि पुढची डेटोना होऊन गेली तरी या डेटोनाचे हप्ते भरायचे, असा हा सौदा आहे. तिकिटाच्या पानावर 'चार हप्त्यांत भरा' असंही दिसेल. त्याला व्याज नसलं तरी सहा आठवड्यांत चारही हप्ते लागतात, आणि तुमच्याकडे महिन्याला ७०० च उरतात. तेही नको.

बचतीतून काढायला माझा आणखी विरोध आहे. एच-वन-बीवर नोकरी गेली तर नवा मालक शोधायला, स्टेटस बदलायला किंवा सामान आवरून देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तुमच्या खर्चाच्या वेगाने ६,५०० हे ३६ दिवस पुरतात. त्यातून २,७५० काढले की तीन आठवडे. घरात एकच पगार आहे. कार्डाचं व्याज एवढं चढं असताना बचत मोडून थकबाकी फेडा असं मी एरवी म्हणालो असतो, पण तुमच्या बाबतीत तेही सांगत नाही.

म्हणजे शर्यतच नको का? तसं नाही. सातशेतले सगळे कार्डावर घाला असं सांगितलं तर तिसऱ्या महिन्यात कुणीतरी कंटाळून तिकिटं काढतंच. नोव्हेंबरपासून ६०० कार्डावर आणि १०० वेगळ्या खात्यात शर्यतीसाठी, अशी फोड करा. कार्ड आठव्या हप्त्याला, जूनमध्ये फिटतं. एकूण व्याज ३८५ च्या आसपास जाईल. शून्य टक्के व्याजाच्या नव्या कार्डावर थकबाकी हलवता आली तर ३ टक्के फीचे १२६ जाऊन अडीचशेच्या आसपास वाचतात. फी ५ टक्के असेल तर २१० जातात आणि फायदा बराच घटतो. मात्र त्या नव्या कार्डावर एक डॉलरचीही खरेदी करू नका.

एप्रिलअखेर शर्यतीच्या खात्यात ६०० झालेले असतील. त्यातून कोका-कोला ६०० ची तिकिटं घ्या : दोन मोठी, एक मुलाचं, म्हणजे १८० आणि फी धरून २१०. कानांच्या साधनांना ६०, स्कॅनरला ५०, घरून नेलेल्या खाण्याला ४०, गाडीच्या गॅसला १०, खरेदीला १००. सगळे मिळून ४७०. हॉटेल शून्य, कारण कॉनकॉर्डमधला ट्रॅक तुमच्या दारात आहे. पावसाचा खर्चही जवळपास शून्य. तिथेही पाऊस पडतोच. २०२३ ची ६०० सोमवारी, मेमोरियल डेच्या सुट्टीला झाली. पण तुम्हाला तेव्हा घरी जाऊन झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं एवढंच.

एक नियम मात्र दोन्हीकडे खिशाला लागतो. अर्धं अंतर पार झालं की शर्यत अधिकृत धरली जाते. नंतर पावसामुळे तिथेच संपवली तर उरलेल्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी होत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. २०२४ ची ६०० चारशेपैकी २४९ व्या फेरीला अशीच संपली. शर्यत सुरूच न होता पुढे ढकलली गेली तर तेच तिकीट दुसऱ्या दिवशी चालतं. तिकीट शक्यतो थेट ट्रॅककडून घ्या. पावसामुळे येता आलं नाही तर पुढच्या शर्यतीसाठी क्रेडिट देण्याची सोय असेल, तर ती मूळ खरेदीदारालाच मिळते, पुनर्विक्रीच्या साइटवरून घेणाऱ्याला नाही.

नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. शर्यत म्हणून डेटोना वेगळीच आहे. तिथे इंजिनांची ताकद मुद्दाम कमी केलेली असते. एकटी गाडी निसटून जाऊ शकत नाही, तीस-चाळीस गाड्या एकमेकींच्या हवेच्या ओढीत थव्याने धावतात आणि शेवटच्या फेरीपर्यंत काय होईल सांगता येत नाही. शार्लटच्या दीड मैलांच्या ट्रॅकवर गाड्या पांगतात. ६०० मैल, ४०० फेऱ्या, शंभर-शंभर फेऱ्यांचे चार टप्पे. शर्यत संध्याकाळी सहाला सुरू होते, चार तास सहज चालते, आणि तिसऱ्या टप्प्यात तुमचा मुलगा बापाच्या मांडीवर झोपलेला असण्याची शक्यता चांगली आहे. त्याची भरपाई दुसरीकडे होते. बहुतेक संघांचे कारखाने कॉनकॉर्ड, मूर्सव्हिल, हंटर्सव्हिल या तुमच्याच परिसरात आहेत आणि त्यांतले काही लोकांना फुकट बघता येतात. शर्यतीच्या आधीच्या एका शनिवारी मुलाला नेऊन आणा. गाडी जवळून पाहिलेली असली की ट्रॅकवर ती ओळखता येते.

पैसे वाचवताना पहिल्यांदा जाणारे हमखास एक चूक करतात : खालच्या रांगा. नाटकाला पुढची रांग महाग, इथे उलटं असतं. खालून जाळीपलीकडे रंगांची एक रेघ सपकन जाते, पाठोपाठ रबराचे कण अंगावर येतात आणि समोरच्या बाजूला काय चाललंय ते कळत नाही. वरच्या रांगेतून अख्खा ट्रॅक, पिटमधले (टायर-इंधनाच्या जागेतले) थांबे आणि पुढे सरकणारा ड्रायव्हर दिसतो. तिकिटावर २०-३० डॉलर जास्त घालायचे तर इथे घाला, खरेदीच्या १०० मधून ते काढा. तुमचं ८५ चं तिकीट कुठल्या रांगेचं आहे ते आधी बघा.

कानांच्या बाबतीत काटकसर नको. स्टँडमध्ये आवाज १०० डेसिबलच्या घरात आणि त्याच्या वरही जातो. कामगारांच्या आरोग्यासाठीच्या अमेरिकी शिफारशीनुसार १०० डेसिबलला १५ मिनिटं ही दिवसाची मर्यादा आहे, आणि तुम्ही चार तास बसणार. मुलासाठी त्याच्या मापाचे कानपट्टे घ्या, मोठ्यांसाठी फोमचे बोळे. बोळा पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घालायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. नुसता अडकवला तर आवाज अडत नाही. कानपट्टे घरी अर्धा तास घालून बघा, कारण मूल ते दहाव्या मिनिटाला काढून टाकतं आणि मग सगळ्यांनाच उठून बाहेर जावं लागतं. स्कॅनर म्हणजे ड्रायव्हर आणि त्याच्या संघातलं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारं यंत्र. तिघांना मिळून एक पुरे. त्याशिवाय एखादा पुढे असताना पिटमध्ये का आला, ते नव्या माणसाला कळत नाही.

खाणं घरून न्या. मऊ बाजूंची कूलर बॅग आत नेता येते. मापाची अट तिकिटासोबत येते, ती फुटपट्टीने तपासा. काचेची बाटली नको. मेअखेरच्या उन्हात चारपासून बसणार असाल तर माणशी दोन लिटर पाणी लागेल.

जूनमध्ये कार्ड संपलं की जुलैपासून ५५० आपत्कालीन निधीत आणि १५० शर्यतीत. पुढच्या फेब्रुवारीअखेर निधी १०,८०० च्या वर जातो, म्हणजे तुमचे ६० दिवस भरले. तिथून शर्यतीसाठी महिना ४०० काढता येतात आणि जूनपर्यंत २,७५० पूर्ण होतात. आजपासून वीस महिने. तेव्हा दोन वाटा असतील. एक, त्याच ट्रॅकवरची ऑगस्टमधली ४०० मैलांची शर्यत : तीच वळणं, तोच थवा, फक्त १६० फेऱ्या आणि रात्रीची वेळ. पण ऑगस्टमध्ये फ्लोरिडात वादळी पाऊस धरूनच चालायचं, २०२२ ची शर्यत त्यानेच रविवारवर गेली. दुसरी, त्यानंतरच्या फेब्रुवारीची ५००. बापलेक अडून बसले तर ५०० घ्या, पण तिकिटं लवकर काढा. ऐन वेळी भाव पडेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही, अलीकडे तिथले स्टँड आधीच भरतात.

हॉटेल मात्र डेटोना बीचवरच हवं असं नाही. डीलँड वीसएक मैलांवर, ऑरलँडो पंचावन्नच्या आसपास, आणि तिथे तीन रात्रींची सक्ती नसलेल्या, रद्द करता येणाऱ्या खोल्या मिळण्याची शक्यता जास्त. सोमवार धरून चार रात्री घ्या. रविवारी सकाळी आभाळ बघून शेवटची रात्र सोडता येते का, आणि लवकर गेल्याचा दंड किती, हे बुकिंग करताना फोनवर विचारा आणि उत्तर ईमेलने लिहून मागवा.