साठीनंतर नवरा-बायकोचं पटत नसेल तर घटस्फोटाशिवाय काय पर्याय आहेत?

वेगळं राहायला घटस्फोटच लागतो असं काही नाही. ज्युडिशियल सेपरेशन, म्हणजे कोर्टाच्या आदेशाने वेगळं राहणं, घेतलं की लग्न कायद्याने तसंच राहतं, कोर्ट पोटगीचंही ठरवू शकतं, फक्त दुसरं लग्न करता येत नाही, आणि या वयात ते कुणाला करायचंय म्हणा. जपानमध्ये तर सोत्सुकोन म्हणून प्रकारच आहे, लग्न मोडायचं नाही पण दोघांनी आपापलं आयुष्य जगायचं. मी म्हणेन आधी घरातच खोल्या आणि खर्च वेगळे करून बघा, रिटायर झाल्यावर चोवीस तास समोरासमोर बसून टीव्हीच्या आवाजावरूनही भांडणं होतात. पेन्शन, नॉमिनी, मृत्युपत्र, ऑपरेशनला सही कोण करणार, हे मात्र आधी लेखी ठरवा. मारहाण होत असेल तर हे सगळं सोडा, सरळ वकील गाठा.