गायरानात सोलर : म्हशी कुठं सोडायच्या?

प्रश्न : काका, आमच्या गावच्या 45 एकर गायरानावर सोलर येणार म्हणतात. दिवसा पंपाला करंट मिळेल म्हणून घरचे खूश आहेत. पण चरायला शंभरेक जनावरं आहेत. विरोध करू का? – एक वाचक, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

उत्तर : थेट विरोध नको बाळा, आधी मोजणी कर. रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला मी वीस वर्षं गेलोय. पायाखाली साप बघितलेत. दिवसाची वीज मलाही हवीय.

पण गायरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. ज्याला गुंठाभर रान नाही, त्याची म्हैस तिथंच जगते. कर्नाटकाच्या 1966 च्या महसूल नियमांत 100 जनावरांमागे 12 हेक्टर, म्हणजे जवळपास 30 एकर, चराईला राखायला सांगितलंय. तुमच्याकडं उरतात 15. एका मेगावॅटला साधारण 4 ते 5 एकर लागतात, म्हणजे तीन मेगावॅट बसतील. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस मागत असतील तर ठाम नाही म्हणा.

पशुवैद्यकीय दवाखान्यातून जनावरांचा आकडा लेखी घ्या, उतारा काढा. जमीन वनखात्याची निघाली तर 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. भीमगड अभयारण्याचं रान तुमच्या उशालाच आहे. आणि हो, ओढ्याकडची पाणवाट कुंपणात जाऊ देऊ नका. आमच्याकडं ती गेली, आता गुरं दीड मैल वळसा घेतात. नकाशावर ती वाट आधी आखून घ्या, मग ग्रामसभेत बोला.