जादूचा फोन दुरुस्तीला आला तर?

तुमचा प्रश्न असा: कादंबरीत नाशिकची एक इलेक्ट्रॉनिक्स कंपनी जादूवर चालणारे, हातात मावणारे फोन बनवते. ते वाचकाला पटावं कसं, आणि कंपनीचं नाव काय ठेवावं?

मी लेखक नाही. एम. जी. रोडला मोबाईल दुरुस्तीचा गाळा आहे माझा, तेव्हा उत्तर काउंटरच्या आतल्या बाजूने देतो.

आधी जादू नेमकी कुठे बसवायची ते ठरवा. पहिला मोह बॅटरीचा होतो: कधीच चार्ज करावा न लागणारा फोन! त्यात दम नाही. 5000 एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण 19 वॅट-तास. वीजबिलातल्या एका युनिटमध्ये, चार्जरची गळती धरूनही, असा फोन चाळीसेक वेळा भरतो. एवढ्या स्वस्त कामाला अंबडच्या, म्हणजे नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या, शेडमध्ये मांत्रिक पगारावर कोण ठेवील?

जादू टॉवरच्या जागी बसवा. शेजारी उभ्या माणसाला फोन लावला तरी आपला आवाज आधी टॉवरला जातो आणि फिरून येतो, आणि एक टॉवर एका वेळी ठरावीक लोकांनाच सांभाळतो. 2015 च्या सिंहस्थात शाही स्नानाच्या दिवशी पंचवटीत माझी नि आईची चुकामूक झाली. फोनवर दांड्या पूर्ण, पण कॉल काही लागेना. दांड्या सिग्नलचा जोर दाखवतात, पुढे रांग किती आहे ते नाही दाखवत. पोलिसांच्या वॉकीटॉकी तेवढ्या खरखरत होत्या. त्यांचं चॅनल वेगळं, मोबाईल टॉवरशी संबंध नाही; बटण दाबून एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

तुमच्या कंपनीचा धंदा इथे आहे. फोन हातात घेतला, "आई" म्हटलं, की आईच्या कानात आवाज. पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. त्या दिवशी भोंग्यावरून एका पोराने रडत "आई, मी इथे आहे" म्हटलं, तेव्हा माझ्या आसपासच्या सात-आठ बायांनी एकदम माना वळवल्या. रामकुंडावर हजारो जण एकाच वेळी "आई" म्हणाले तर जादूने कुणाची आई गाठायची? खऱ्या फोनने हा घोळ आकड्यांनी मिटवलाय: सिमचा नंबर, शिवाय प्रत्येक हँडसेटचा 15 आकडी आयएमईआय. जादूलाही पत्ता लागेलच. तो काय असेल, हे ठरवण्यात तुमची निम्मी कादंबरी आहे. (माझी आई शेवटी काळाराम मंदिराच्या पायरीवर शेंगा खात बसलेली सापडली. जादूबिदू काही नाही, तिची सवय मला माहीत.)

दुसरं, यंत्र बिघडलं पाहिजे. न बिघडणाऱ्या वस्तूवर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही, वाचकही ठेवणार नाही. आणि बिघाड नाशिकचा हवा. माझ्याकडे द्राक्षवाल्यांचे फोन येतात, चार्जिंग पोर्टमध्ये हिरवट थर साचलेला. फवारणीतलं मोरचूद म्हणावं की पिनांना चढलेला गंज, नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. टूथब्रश नि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन घासायचं, नाहीच जमलं तर पोर्ट बदलायचा. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचे लोक सांगतात, "पहाटे वीस टक्क्यांवर बंद पडला, घरी आणला तर आपोआप चालू." गारठ्यात लिथियम बॅटरीचा आतला रोध वाढतो, व्होल्टेज एकदम खाली बसतं. तुमची जादूही अशीच थंडीत आखडू द्या. बागेत शेकोट्या पेटवून बसलेला शेतकरी घडांसोबत यंत्रही शेकतोय, एवढं एक चित्र आलं की बाकीचं वाचक आपणहून मानेल.

सरकारी बाजू एका ओळीत उरका, पण गाळू नका. फोनवर *#07# दाबलं की फोनच्या रेडिओलहरी अंगात किती शोषल्या जातात त्याचा आकडा येतो. आपल्याकडे मर्यादा किलोला 1.6 वॅट. मंत्राचा आकडा कोण मोजणार, यावर अंबडच्या शेडमध्ये एखादा साहेब चहा पीत बसलेला दाखवा.

नावाचं म्हणाल तर भारदस्त संस्कृत नाव नको. काहीही ठेवलंत तरी आमच्या काउंटरवर लोक "ते अंबडवाल्यांचं डबडं" असंच म्हणणार, आणि पावतीवर मीही तेच लिहीन.